अनुभव धागा : घरच्या सेंद्रिय भाजीची सुरुवात तुम्ही कशी केलीत?

मृग तोंडावर आला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "मलाही गच्चीत भाजी लावायचीय, सुरुवात कशाने करू?" एकटीने उत्तर देण्यापेक्षा तुम्हा सगळ्यांचे अनुभव एकत्र यावेत, म्हणून हा धागा. तुमच्याकडे ऊन किती येतं, माती कशी केलीत, कीड पडल्यावर काय केलंत, ते सविस्तर लिहा. बियांची चौकशी सगळे आधी करतात, मातीची फार कमी जण. म्हणून मी मातीपासूनच सुरुवात करते.

पुणे, गच्ची
कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवार या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटातून पालापाचोळ्यापासून माती करायला शिकवलं. मी त्याच वाटेने जाते. 10 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम काळा गूळ घालून 3 दिवस ठेवायचं, रोज ढवळायचं. हे अमृतजल. त्यात दहापट पाणी घालून सुका पाला आणि रसवंतीवरची उसाची चिपाडं रात्रभर भिजवायची. मग विटांच्या वाफ्यात त्यांचा थर, वर मूठमूठ जुनी माती, पुन्हा थर, असं रचत जायचं. वर गोणपाट टाकून ओल राखायची आणि अधूनमधून खालवर करायचं. काही महिन्यांत चिपाडं ओळखू येईनाशी होतात. मुठीत दाबल्यावर लाडू वळला आणि बोट लावताच फुटला, की माती तयार. ही माती वजनाला हलकी असते, गच्चीसाठी हा फार मोठा फायदा आहे. तरी वाफे रचण्याआधी स्लॅबचं वॉटरप्रूफिंग तपासून घ्याच.

पिंपरी, भाड्याचा फ्लॅट
बाल्कनीत जेमतेम 3 तास ऊन येतं. टोमॅटो-वांग्याला निदान 6 तास तरी लागतं, म्हणून मी फक्त पालेभाज्या लावतो. मंडईतले फळांचे क्रेट, आतून हिरवी नेट. मेथी स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच पेरतो, महिन्याभरात जुडी निघते. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायचे आणि रात्रभर भिजवायचे. अख्खे पेरले तर उगवायला उशीर लागतो. घर बदललं तर क्रेट उचलून नेता येतात.

ठाणे
ओल्या कचऱ्याचं खत घरीच करते. भोकं पाडलेली बादली पुरते. भाजीची देठं-सालं जेवढी, त्याच्या दुप्पट सुका पाला घालायचा. वास यायला लागला की समजायचं ओल जास्त झाली, आणखी पाला घालून हलवायचं. पांढुरक्या-तपकिरी जाड अळ्या दिसल्या तर बादली फेकून देऊ नका, त्या कचराच खातात, झाडाला काही करत नाहीत.

डोंबिवली
दोडक्याला फुलं खूप येतात पण दोडका धरत नाही, ही तक्रार मी सगळ्यांकडून ऐकते. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात, तेव्हा थोडी वाट बघा. मादी फुलाच्या मागे करंगळीएवढा दोडका असतो, नर फुलामागे नुसता देठ. वरच्या मजल्यावर मधमाश्या कमी, त्यामुळे हे काम आपल्यालाच करावं लागतं. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, दुधीचंही. दिवेलागणीला नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि पिवळा पराग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने टेकवायचा. जमलं असेल तर दोन-तीन दिवसांत ते छोटं दोडकं फुगायला लागतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. कारलं आणि लाल भोपळा सकाळी उमलतात, त्यांचं परागण सकाळीच.

नागपूर
आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सुरुवात करूच नये. एक तर मृगाला, नाहीतर दसऱ्यानंतर. दसऱ्यानंतर लावलेले टोमॅटो, वांगी, पालक उत्तम येतात. काळी माती कुंडीत घट्ट बसते आणि वाळली की भेगाळते. त्यात निम्मं शेणखत आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळावं. चवळीच्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला की लगेच फवारा मारू नका, आधी ढालकिडे (लेडीबग) दिसतात का बघा. ते आणि त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. ते नसतील तर लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि रिठ्याचं थोडं पाणी घुसळून उन्हं उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावं.

रत्नागिरी
अक्षय तृतीयेला आळी करायची आणि पडवळ, काकडी, दोडक्याच्या बिया टाकायच्या, ही आमच्या सासूबाईंची पद्धत. आळ्यात चुलीची राख आणि कुजकं शेण घालतो. मांडव मात्र पाऊस लागायच्या आधी बांधून ठेवा, नंतर चिखलात काठ्या धड उभ्या राहत नाहीत.

संगमनेर
बियाणं गावरान घ्या. पाकिटातल्या संकरित वाणाचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसंच फळ येईल याची खात्री नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी घेवडा-वालाचे किती वाण जपलेत! 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्हाला घरच्या माणसाचा सन्मान झाल्यासारखं वाटलं. वालाच्या पहिल्या चांगल्या शेंगा खायचा मोह आवरा, वेलीवरच वाळू द्या आणि त्याच बियांसाठी ठेवा.

मडगाव
तांबडी भाजी सगळ्यात सोपी. बी मोहरीपेक्षाही बारीक असतं, म्हणून सुक्या रेतीत मिसळून फेकायचं, म्हणजे एका जागी दाट पडत नाही.

न्यू जर्सी
पाडव्याच्या सुमारास खिडकीशी रोपं करते, मेच्या मध्यानंतर बाहेर काढते, कारण तोवर फ्रॉस्टची भीती असते. भेंडी आणि गवार जुलैत जोरात येतात. हरणांसाठी उंच जाळी हवीच. इथे पानगळीत पाला पोत्यांनी मिळतो. पुण्याच्या ताईंनी लिहिलेले थर मी यंदा ऑक्टोबरमध्ये रचणार आहे. गोमूत्र इथे मिळत नाही, त्याऐवजी काय घालू?

पुणे, गच्ची
न्यू जर्सीच्या ताई, शेणखत मिळालं तर ते आणि गूळ एवढ्यावरही पाला कुजतो, फक्त वेळ जास्त लागेल. थंडीत काम मंदावेल, तेव्हा ढीग चांगला मोठा करा आणि झाकून ठेवा. आणखी कोणाचं घर उत्तरेच्या खिडकीचं असेल तर जरूर लिहा. माझ्याकडे त्या बाजूला फक्त अळू आणि पुदिना टिकलाय, आणखी काय येतं ते मलाही हवंय.