परिषदेतल्या बाटल्या की भुलीचा वायू? डॉक्टरांच्या संघटनेने आधी काय बदलावं

बालरोगतज्ज्ञ, जुळे सोलापूर
गेल्या रविवारी आपल्या संघटनेची परिषद झाली. संपल्यावर मी सभागृहात थांबले होते. अर्धवट प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्यांनी तीन पोती भरली. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, उजनीच्या पाण्याची पाळी बघून घरातली कामं ठरतात, आणि आपण अर्धी बाटली टाकून उठतो. बाहेर फ्लेक्स, आत काचेची स्मृतिचिन्हं, प्रत्येकाला रेक्झिनची बॅग. माझ्या घरी अशा अकरा बॅगा पडून आहेत.

पुढच्या वर्षीपासून पाण्याचे जार आणि स्टीलचे पेले ठेवूया. फलक कापडी असू दे. पाहुण्यांना इथल्या मागावरचा टॉवेल किंवा चादर द्यावी. बाहेरगावच्या सभासदांसाठी निम्मे कार्यक्रम ऑनलाइन करावेत. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की उन्हाने मलूल झालेली मुलं माझ्याच ओपीडीत येतात, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहिते आहे.

शल्यचिकित्सक, रेल्वे लाईन्स
मॅडम, तळमळ कळते, पण पटत नाही. एका रविवारच्या बाटल्या धरून काय होणार? माझ्या छोट्या रुग्णालयात जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या पिशव्या-डब्यांत कचरा रोज वेगळा होतो, तो उचलून नेण्याचे पैसे मी वेळेवर भरतो. संघटनेने आमच्यावर हल्ला झाला तर पाठीशी उभं राहावं, परवान्यांचा त्रास कमी करावा. त्यात पर्यावरणाची आणखी एक समिती, आणखी एक फॉर्म नको. आणि एकदाच वापरायची वस्तू उद्या कोणी धुऊन वापरा म्हणालं, तर जंतुसंसर्गाची जबाबदारी कोण घेणार?

भूलतज्ज्ञ, होटगी रोड
सर, धुऊन वापरा असं इथे कोणीच म्हटलेलं नाही. बाटल्यांबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे, कारण खरा प्रश्न आपल्या ऑपरेशन थिएटरात, भुलीच्या वायूंचा आहे. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर डेसफ्लुरेन हा भुलीचा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरतो. सेवोफ्लुरेन या दुसऱ्या वायूचा आकडा शंभर ते दोनशेच्या घरात. रुग्णाच्या शरीरात हे वायू फारसे मोडत नाहीत, बहुतेक जसेच्या तसे बाहेर पडून हवेत जातात. स्कॉटलंडने २०२३ साली डेसफ्लुरेनचा वापर थांबवला. नायट्रस ऑक्साइड या भुलीच्याच वायूची पाइपलाइन तर गळते. ब्रिटनमध्ये तपासणी झाली तेव्हा रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच बराचसा वायू वाया जातो असं दिसलं.

भूल स्थिरावली की मी यंत्रातून सोडायच्या ताज्या वायूंचा प्रवाह मिनिटाला एक लिटरवर आणते. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा सोडा लाइम वेळेवर बदलायचा आणि मॉनिटरवर नजर ठेवायची. सेवोफ्लुरेनची बाटली जास्त दिवस पुरते, म्हणजे पैसे तुमचेच वाचतात. हे मी संघटनेच्याच कार्यशाळेत शिकले. एका ज्येष्ठ सरांनी यंत्रापाशी उभं करून शिकवलं. म्हणून मॅडम, निम्मे कार्यक्रम ऑनलाइन करायला माझा विरोध आहे.

फिजिशियन, सांगोला
विरोध करणाऱ्यांनी एकदा इथून येऊन बघावं. तासाभराच्या भाषणासाठी जाऊन-येऊन दीडशेहून जास्त किलोमीटर गाडी पळवायची आणि दवाखाना बंद ठेवायचा. डॉक्टर म्हणून नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत अशा कार्यक्रमांना हजर राहून मिळणारे ३० क्रेडिट लागतात, त्यासाठी किती फेऱ्या मारायच्या?

एक विषय राहिला. दम्याच्या फवाऱ्याच्या पंपात जो वायू असतो, तोही हवा तापवणाराच. रोटाकॅपच्या, म्हणजे कॅप्सूलमधून ओढायच्या, पावडरीत तो नसतो, शिवाय ती स्वस्त पडते. लहान मुलं आणि जोरात श्वास ओढता न येणारे म्हातारे यांना पंप आणि स्पेसरच (पंपाला जोडायची नळी) द्यायला हवा, तिथे तडजोड नाही. पण बाकीच्यांना सवयीने पंप लिहिला जातो. यावर एक सीएमई (डॉक्टरांचं शिक्षणसत्र) घ्या.

शल्यचिकित्सक, रेल्वे लाईन्स
माझं भूलयंत्र जुनं आहे, त्यावर वायूचं प्रमाण दाखवणारा मॉनिटर नाही. त्याशिवाय मी प्रवाह कमी करू देणार नाही, रुग्णाचा जीव आधी. संघटनेने पंधरा-वीस छोट्या रुग्णालयांची मिळून खरेदी केली आणि भाव पाडून घेतला, तर पहिला चेक माझा. बाटल्यांबद्दलचं मत मात्र तेच.

बालरोगतज्ज्ञ, जुळे सोलापूर
एकत्र खरेदीचा विषय मी कार्यकारिणीत मांडते. ऑनलाइनचा ‘निम्मे’ हा आकडा मागे घेते: हाताने शिकायचं ते समोरासमोर, नुसती भाषणं ऑनलाइन. बाटल्यांवरून मात्र मी हटणार नाही. पुढच्या बैठकीला स्टीलचे पन्नास पेले मी घेऊन येते. नंतर धुवायला माझ्याबरोबर कोण थांबेल, त्यांनी इथेच कळवावं.