रान, रानटी आणि निवडुंग

मांजराकाठ : मुलांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. एका चित्राखाली तीन-चारच शब्द आहेत, ‘वाइल्ड कॅक्टस इन ब्लूम’. चित्रात आपला फड्या निवडुंग, पिवळीधमक फुलं. मी लिहिलं, ‘रानटी निवडुंग फुलला आहे.’ तपासणाऱ्या बाईंनी एकही शब्द धड ठेवला नाही. रानटी म्हणजे असंस्कृत, निवडुंग म्हणजे कॅक्टस नव्हे, आणि निवडुंग ‘फुलला’ नसतो, ‘फुललं’ असतं. त्यांनी सुचवलंय, ‘वन्य कॅक्टसचा बहर’. बहर मी जालन्याच्या मोसंबीला ऐकलाय, मृग बहर, आंबे बहर. निवडुंगाला बहर? शुक्रवारी मजकूर द्यायचाय, कृपया सांगा.

बोरूबहाद्दर : ‘रानटी’वरचा आक्षेप बरोबर आहे. रानफूल, रानडुक्कर, रानमांजर हे शब्द आहेत तर ‘रान’ पुढे लावावं, ‘राननिवडुंग’. ‘कॅक्टस’ मात्र मुलांच्या माथी मारू नका.

औंढेकर : बोरूदादा, तुमचं रान वेगळं न् आमचं वेगळं. आमच्याकडं रान म्हणजे शेत. ‘बाप रानात गेलाय’ म्हणजे शिकारीला नाही, हरभऱ्याला पाणी द्यायला. काळं रान, हलकं रान, रान नांगरलं. ‘राननिवडुंग’ वाचून आमचं पोरगं म्हणंल, ह्या शेतकऱ्यानं मशागत केली नाही वाटतं. निवडुंग असतो बांधाला नाहीतर माळाला. ‘माळावरचा निवडुंग’ लिहा, काम झालं.

मांजराकाठ : हे मला सुचायला हवं होतं. आमच्या घरीही रान म्हणजे शेतच. शाळेत गेल्यावर रान म्हणजे जंगल झालं.

परळीचे मास्तर : ‘निवडुंग म्हणजे कॅक्टस नव्हे’ हे बाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. लहानपणी आमच्या वईला, म्हणजे कुंपणाला, होता तो त्रिधारी निवडुंग. त्याचं कांड मोडलं की पांढरा चीक येतो. शास्त्रीय भाषेत तो युफोर्बिया, शेर नावाच्या झुडपाचा भाऊबंद, कॅक्टसशी त्याचं नातं नाही. फड्या मोडला तर दूध निघत नाही, चिकट पाणी निघतं. तो ओपन्शिया, खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेतला. म्हणजे जुना निवडुंग आपला, आणि नाव मात्र नंतर आलेल्या पाहुण्यानं बळकावलं. (हे बळकावणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. मिरीचं नाव घेऊन मिरचीनंही तेच केलं.)

बोरूबहाद्दर : मग फड्याला निवडुंग म्हणणंच चूक ठरतं. शास्त्र शिकवायचं तर नावं नेमकी हवीत.

औंढेकर : चूक कुणाची? शंभर-दोनशे वर्षं लोक म्हणलालेत की. आता त्यांना बोलवून लाल खूण करणार का?

देगलूरची लेक : माझी आजी फड्याला ‘चप्पलसेंड’ म्हणायची. मी एकदा कॉलेजात म्हटलं तर सगळे हसले, असा शब्दच नाही म्हणाले. कुणी ऐकलाय का?

उमरगेकर : ताई, हसणाऱ्यांना हसू द्या. दखनी शब्द आहे. सेंड म्हणजे युफोर्बिया, संस्कृतातला सेहुंड. चपलेच्या आकाराचा सेंड तो चप्पलसेंड. आमच्याकडं कानडीत त्याला ‘पापासकळ्ळी’ म्हणतात. पापास म्हणजे पापोश, फारसीतली पादत्राणं, आणि कळ्ळी म्हणजे निवडुंग. गुजरातीत ‘हाथलो थोर’, त्यांना त्यात हात दिसला. आपल्याला नागाचा फडा दिसला. एकाच झाडात कुणाला फणा, कुणाला पंजा, कुणाला चप्पल!

देगलूरची लेक : खूप बरं वाटलं हो काका. आजी गेली त्याला वीस वर्षं झाली. शब्द खरा निघाला.

पाटीपेन्सिल : निवडुंग = निवड + अंग. बोंडं खाल्ल्यावर अंगातली कुसळं निवडत बसावं लागतं म्हणून. माझी स्वतःची व्युत्पत्ती.

बोरूबहाद्दर : असल्या व्युत्पत्त्यांवर कायद्यानं बंदी हवी.

औंढेकर : कुसळांचं मात्र खरं आहे. आम्ही बोंड काठीनं पाडायचो, मातीत नाहीतर गोणपाटावर घोळायचो, मग फोडून खायचो. आत गर्द जांभळा-लाल गर. तोंड रंगलेलं बघून आईला कळायचंच. मोठा काटा दिसतो तरी. बारीक कुसळ ओठात शिरलं की दोन दिवस बोलती बंद. आणि फुलात गवताची काडी घातली की मधले केसर हळूहळू काडीकडं वळायचे. तासन् तास हा खेळ चालायचा.

परळीचे मास्तर : तो खेळ खरा आहे, स्पर्शानं केसर वाकतात. फुलात शिरलेल्या मधमाशीला पराग लागावेत म्हणून ही सोय.

पाटीपेन्सिल : मास्तर, ‘ओपन्शिया’चा अर्थ काय? माझ्या व्युत्पत्तीपेक्षा बरा आहे का?

परळीचे मास्तर : ओपस नावाचं प्राचीन ग्रीक गाव. तिथल्या कुठल्याशा झाडाचं नाव अमेरिकेतल्या झाडाला चिकटलं. ‘कॅक्टस’ची तीच गत. ग्रीकमध्ये काक्टोस म्हणजे सिसिलीतली एक काटेरी भाजी, झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली शब्द उचलून इकडे लावला. युफोर्बियाची गंमत तर विचारू नका. उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन मॉरिटेनियाचा राजा जुबा दुसरा, त्याच्या वैद्याचं नाव युफोर्बस. राजानं चिकाच्या झाडाला वैद्याचं नाव दिलं. ग्रीकमध्ये त्या नावाचा अर्थ साधारण ‘चांगला पोसलेला’. निवडुंगही अंगानं भरलेला, आणि वैद्यही तसाच असावा अशी थट्टा पूर्वीपासून चालत आलीय.

उमरगेकर : म्हणजे ‘जाड्या वैद्य’! आमच्या गावातही एक होते.

देगलूरची लेक : चिंचेचं ऐका. टॅमरिंडस इंडिका. अरबीत तम्र हिंदी, म्हणजे हिंदी खजूर. त्यापुढं परत इंडिका. ‘हिंदी खजूर, हिंदुस्तानचा’. आणि झाड मूळचं आफ्रिकेचं.

परळीचे मास्तर : बाजारात मिळणाऱ्या निवडुंगफळाचं नाव ओपन्शिया फायकस-इंडिका, म्हणजे ‘हिंदी अंजीर’. ते मेक्सिकोचं. कोलंबसला जो इंडिया सापडला तिथला हा इंडिका.

बोरूबहाद्दर : आणि तुम्ही मला लोकांनी पाडलेली नावं मोडू नका म्हणता! शास्त्रज्ञांची बघा.

औंढेकर : दादा, आत्ताच ‘शास्त्रात नेमकी नावं हवीत’ कोण म्हणलं होतं?

पाटीपेन्सिल : 😄 विलायती चिंचेचं नाव पिथेसेलोबियम डल्स. ग्रीकमध्ये माकडाचा कानातला डूल, पुढं लॅटिनमध्ये गोड. शेंगेचं वेटोळं बघितलं की पटतं.

देगलूरची लेक : माळावर आपलं माकडशिंगही आहे की. काटे नाहीत, चौकोनी कांड, गुराखी पोरं कच्चं खातात. त्याचं शास्त्रीय नाव कॅरालुमा, तेलुगूतून घेतलेलं. सासरी तेलुगू बोलतात, त्यामुळे मला उगीचच अभिमान वाटतो. तिकडं निवडुंगाला नागजेमुडू म्हणतात, ब्रह्मजेमुडूही ऐकलंय.

परळीचे मास्तर : गोकर्णीचं शास्त्रीय नाव अकरावीच्या वर्गात मला कधीच फळ्यावर लिहिता आलं नाही. आपल्या लोकांना त्या फुलात गाईचा कान दिसला. लिनियसला जे दिसलं ते मुला-मुलींसमोर उच्चारायची सोय नाही. मी ‘क्लि. टर्नेशिया’ लिहायचो आणि खडू संपलाय म्हणायचो.

उमरगेकर : लिनियस तसा खट होताच. सीगेसबेक नावाच्या माणसानं त्यानं फुलांच्या स्त्री-पुरुष अवयवांवरून केलेल्या वर्गीकरणाला अश्लील म्हणून झोडपलं, तर ह्यानं एका चिकट, फालतू तणाला त्याचं नाव दिलं. सीगेसबेकिया. आजही चालू आहे.

औंढेकर : आमच्याकडं एवढं वळसं घेत नाहीत. नदीकाठचं एक झुडूप काही केल्या मरत नाही, फोक कुठंबी फेकला तरी उगवतो, म्हणून सरळ ‘बेशरम’.

मांजराकाठ : सगळं फार आवडलं, पण उद्या शुक्रवार आहे. फुलला की फुललं?

बोरूबहाद्दर : माझ्या घरी ‘ते निवडुंग’.

औंढेकर : आमच्याकडं ‘तो’. ‘निवडुंगाला बहर आला’ असं तर कुणीच म्हणत नाही. ‘निवडुंगाला फुलं आलीत’ लिहा, लिंगाचा प्रश्नच मिटतो.

पाटीपेन्सिल : निवडुंगावर कधीकधी पांढरा कापूसही येतो. तो बोटानं चिरडला की लाल रंग निघतो. तो काय प्रकार?

परळीचे मास्तर : किडा आहे तो. लाल रंग देणारा खरा कोचिनील किडा समजून १७९५ मध्ये त्याचा एक भलताच भाऊबंद ब्राझीलहून भारतात आणला. रंग हलका निघाला, पण किड्यानं निवडुंगाची एक जातच खाऊन संपवत आणली. मग १९२६ मध्ये फड्या आवरायला दुसरा किडा श्रीलंकेहून मुद्दाम आणला. आपला ‘किरमिजी’ शब्दही किड्यावरूनच, फारसी किर्म.

बोरूबहाद्दर : किरमिजी ‘कृमी’वरून, असं का नाही?

उमरगेकर : दोन्ही एकाच घरातले हो, मावसभाऊ. भांडू नका.

देगलूरची लेक : मला एक सांगा, ब्रह्मकमळही निवडुंगच ना? खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं म्हणे.

परळीचे मास्तर : हो, हिमालयातलं वेगळं, सॉसुरिया. कुंडीतलं आपलं एपिफिलम, अमेरिकेतलं, पक्कं कॅक्टस. पण ते निवडुंग आहे असं आमच्या हिला सांगितलं तर कुंडी माझ्यासकट बाहेर जाईल.

बोरूबहाद्दर : इथे तरी ठामपणे सांगा की ‘ब्रह्मकमळ’ म्हणणं चूक आहे.

देगलूरची लेक : दादा, आमच्या कळीनं मान वर केलीय, रात्री दहा-अकराला उमलेल. शेजारच्या काकू हळदी-कुंकू घेऊन येणारेत. त्यांना तुम्ही सांगता का?

बोरूबहाद्दर : …फोटो टाका.

मांजराकाठ : ‘माळावरच्या निवडुंगाला फुलं आली आहेत’ असं लिहून दिलं. बाईंचं उत्तर आलं, ‘माळ’ म्हणजे गळ्यातली का?