मदत हवी आहे: प्रवेश रद्द केला तर फी परत देईनात, मूळ दाखलाही अडवलाय. यूजीसीकडे (विद्यापीठ अनुदान आयोगाकडे) दाद कशी मागायची?

भाचीसाठी लिहितोय. बारावीनंतर सीईटीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या लांबत चालल्या होत्या, म्हणून हातात एक जागा असावी या विचाराने ताई-दाजींनी तिचा बी.एस्सी.ला एका खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठात प्रवेश घेऊन ठेवला. पहिल्या वर्षाची फी ८५,००० रुपये आणि वर ५,००० अनामत. आता पुढच्या फेरीत तिला शासकीय महाविद्यालयात बी.फार्म.ची जागा लागली आहे. पोरीने त्यासाठीच जीव तोडून अभ्यास केला होता, त्यामुळे घरात आनंदीआनंद. पण घोडं अडलंय ते कागदपत्रांवर.

तिचा मूळ एलसी (शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला) आणि बारावीचं गुणपत्रक विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी 'पडताळणीसाठी' म्हणून ठेवून घेतलं, ते परत दिलंच नाही. प्रवेश रद्द करायचा म्हटल्यावर खिडकीवरचा माणूस म्हणतो, "उरलेल्या वर्षांची फी भरा आणि दाखला घेऊन जा." लेखी अर्ज दिला तर लेखा विभागाचे साहेब रजेवर आहेत म्हणून परत केला. पावतीवर खाली 'भरलेली फी परत मिळणार नाही' असा शिक्का आहे, शिवाय प्रवेशाच्या वेळी तशाच मजकुराच्या हमीपत्रावर सह्या घेतल्यात. दाजींना वाटतं, सही केली म्हणजे विषय संपला. मला ते पटत नाही.

विद्यापीठाने जाहीर केलेली प्रवेशाची शेवटची तारीख उलटून दहाएक दिवस झालेत. यूजीसीचा फीपरतीचा नियम आहे एवढं ऐकून आहे. तो अभिमत विद्यापीठाला लागू होतो का? तक्रार थेट दिल्लीला करायची की आधी विद्यापीठात? आणि सगळ्यात मोठी काळजी दाखल्याची. पैसे उशिरा मिळाले तरी चालतील, पण शासकीय जागा हातची गेली तर पोरीचं वर्ष जाईल. अनुभवी लोकांनी कृपया लवकर सांगा.

पाऊलवाट:
लागू होतो. यूजीसीची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना फी परत करणं आणि मूळ कागदपत्रं न अडवणं या दोन्हींबद्दल आहे, आणि त्यात विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं, संलग्न महाविद्यालयं सगळी येतात. शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी (प्रक्रिया शुल्क म्हणून फीच्या ५ टक्के, पण ५,००० च्या वर नाही, एवढं कापता येतं). १५ पेक्षा कमी दिवस आधी सोडला तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यानंतर शून्य. अनामत या हिशेबाच्या बाहेरची, ती वेगळी मागा.

म्हणजे आज अर्ज गेला तर तुमचे ६८,००० होतात आणि आठवडाभर रेंगाळलात तर ४२,५००. खिडकीवरचा माणूस तुम्हाला 'उद्या या' म्हणतो तेव्हा हेच होत असतं.

आणखी एक. काही वर्षी यूजीसी यापेक्षा जास्त सवलत देणारं परिपत्रक काढते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कापून, असं होतं. यंदाचं काही निघालंय का ते यूजीसीच्या संकेतस्थळावर आधी बघा.

कोरा_कागद:
मी बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागात काम केलं आहे, म्हणून कळकळीने सांगते. दादा, अर्ज दोन वेगवेगळे करा. एक फक्त मूळ कागदपत्रांसाठी, दुसरा प्रवेश रद्द करून फी परत मिळण्यासाठी. एकाच अर्जात दोन्ही मागितलं की तो लेखा विभागात जाऊन पडतो आणि दाखला पैशांच्या वादात अडकतो. दाखल्याचा पैशांशी काही संबंध नाही. २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मूळ कागद विद्यार्थ्यासमोर तपासून तिथल्या तिथे परत करायचे असतात, संस्थेने ठेवायच्या त्या फक्त साक्षांकित प्रती. उरलेल्या वर्षांची फी मागणं तर सरळ नियमाविरुद्ध. फी ज्या सत्राची किंवा वर्षाची आहे तेवढीच घेता येते, पुढची आगाऊ नाही.

हमीपत्राला घाबरू नका. सही घेऊन या नियमातून सुटण्याची मुभा अधिसूचनेत कुठेही दिलेली नाही.

अर्ज आवक-जावक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही अशी पोच घ्या. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत फी परत करायची असते, त्यामुळे घड्याळ सुरू होतं ते पोचेवरच्या तारखेपासून. शेवटच्या प्रवेशाची तारीख दाखवणारं विद्यापीठाचं पान आजच पीडीएफ करून ठेवा. ते पान नंतर बदलू शकतं.

सांजवेळ_७१:
तक्रारीच्या क्रमाबद्दल. २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ पातळीवर लोकपाल असायलाच हवा. तक्रारींच्या व्याख्येत तुमचं प्रकरण जवळजवळ जसंच्या तसं आहे: जो अभ्यासक्रम करायचा नाही त्याची फी भरायला लावण्यासाठी कागदपत्रं अडवून धरणं. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालांकडे अपील, आणि लोकपालांसाठी ३० दिवस. तेव्हा आधी समितीकडे अर्ज टाका आणि त्याच दिवशी यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवरही नोंदवा. फीची पावती, हमीपत्र, पोच, कॅपचं जागावाटप पत्र सगळं जोडा. नियम मोडणाऱ्या संस्थेचं अनुदान थांबवण्यापासून अभिमत दर्जा काढण्याची शिफारस करण्यापर्यंत अधिकार यूजीसीकडे आहेत. हे विनियमांतलं वाक्य अर्जातच लिहा, त्याने फाइल हलते.

नव्या कॉलेजातही आजच जा. पोच दाखवून विचारा की मूळ एलसी नंतर देण्याचं हमीपत्र लिहून दिलं तर काही दिवस मिळतील का. विचारल्याशिवाय ते आपणहून सांगत नाहीत.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही अर्ज घेऊन दाजी आणि मी गेलो. कागदपत्रांचा अर्ज त्यांनी घेतला, कुलसचिव कार्यालयातल्या बाईंनी अधिसूचनेची प्रत वाचली आणि उद्या दुपारी एलसी, गुणपत्रक न्यायला या म्हणाल्या. फीच्या अर्जावर मात्र शिक्का मारला, पण तारीख घालायला तयार नाहीत. काय करू?

कोरा_कागद:
तोच अर्ज स्कॅन करून आज रात्री बाराच्या आत कुलसचिव आणि वित्त अधिकारी दोघांच्या अधिकृत ई-मेलवर पाठवा. विषयात 'प्रवेश रद्द व फी परतावा' आणि प्रवेश क्रमांक लिहा. उद्या सकाळी स्पीड पोस्टनेही पाठवा, पावती जपून ठेवा. ई-मेलची तारीख कोणाला खोडता येत नाही. आणि उद्या एलसी हातात आल्यावर दाखला मिळाल्याच्या वहीत भाचीला सही करायला लावतील, तेव्हा वरचा मजकूर नीट वाचायला सांगा. 'माझी कोणतीही येणी बाकी नाहीत' अशी ओळ असेल तर 'फी परतावा बाकी' असं हाताने लिहून मगच सही करू दे.