‘आर्सनिस्ट’ला मराठीत काय म्हणावं? आगलाव्या, जाळपोळ, आगळीक

प्रश्न : गुन्हेगारी मानसशास्त्रावरच्या मजकुराचं भाषांतर चाललंय. ‘आर्सनिस्ट’साठी, म्हणजे मुद्दाम आग लावण्याचा गुन्हा करणाऱ्यासाठी, ‘आगलाव्या’ चालेल का? ‘पायरोमेनियाक’ म्हणजेही तोच का?

प्रतिसाद १ : ‘आगलाव्या’ नको. आगलाव्या म्हणजे दोन घरांत भांडण लावून देणारा; त्याच्या हातात काडेपेटी लागत नाही. ‘जाळपोळ’ म्हटलं की जमाव आला. गांधीहत्येनंतर १९४८ साली झाली ती जाळपोळ. भावकीतल्या वैरातून एकट्याने रात्री कडब्याच्या गंजीला काडी लावली, तर तिला गावात कुणी जाळपोळ म्हणत नाही, ‘गंजी पेटवून दिली’ म्हणतात. सरळ ‘आग लावणारा’ लिहा.

प्रतिसाद २ : जुन्या दंड संहितेच्या मराठी पाठात हा गुन्हा ‘आगळीक’ या सदरात होता (कलम ४३५, ४३६). १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये आहे. राहतं घर जाळलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. ‘आगळीक’चा आगीशी संबंध नाही, बरं का, आगळा म्हणजे अधिक, म्हणून मर्यादा सोडून केलेलं ते आगळीक.

प्रतिसाद ३ : ‘पायरोमेनियाक’ वेगळा, आणि तिथे सैल लिहिणं म्हणजे माणसावर अन्याय. ते मानसिक आजाराचं निदान आहे. डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेप्रमाणे एकाहून जास्त वेळा मुद्दाम आग लावलेली हवी. आधी मनात ताण किंवा उत्तेजना, आगीचंच आकर्षण, आणि लावताना किंवा बघताना सुख किंवा सुटका. पैसा, राग, सूड, राजकारण, गुन्हा लपवणं, भ्रम यांतलं कारण निघालं की निदान बाद. त्यामुळे ते फार थोड्यांना लागू पडतं.

बाकीच्यांसाठी एफबीआयची हेतूवार वर्गवारी घ्या : नासधूस, थरार, सूड, गुन्हा लपवणं, फायदा, अतिरेकी विचार. विम्यासाठी स्वतःचं गोदाम जाळणारा ‘फायद्या’त. आग लावून स्वतःच बोंब ठोकणारा, लोकांनी शाबासकी द्यावी म्हणून धावणारा ‘थरारा’त; तिथे ‘मजा’ लिहिलंत तर हा माणूसच निसटतो. दोन हेतू एकत्रही असतात : कर्जापायी दुकान जाळणाऱ्याचा भागीदारावर रागही असू शकतो. म्हणून एकच शब्द शोधण्यापेक्षा ‘सूडापोटी आग लावणारा’ असं हेतूसकट लिहावं.

प्रतिसाद ४ : क्रियापदही जपा. कारण ठरेपर्यंत ‘आग लागली’. एकमेकींशी न जोडलेल्या दोन जागी आग सुरू झालेली दिसली आणि मुद्दाम लावल्याचा संशय आला, तरी आधी गळलेला जळता तुकडा, वायरिंग हे तपासायचं. राखेचा नमुना हवाबंद डब्यात घ्यायचा. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून पेट्रोलची वाफ निघून जाते. हे सगळं झाल्यावरच ‘लावली’.