नवा वॉर्ड, नवी खोली: फिरत्या सिस्टरांचे अनुभव

दर दोन-तीन महिन्यांनी हॉस्पिटल बदलावं लागणाऱ्या सगळ्या सिस्टर आणि ब्रदरसाठी हा धागा. बुजरेपणा आणि एकटेपणा तुम्ही कसा निभावता, ते लिहा.

सुरुवात मी करते. गाव लातूरकडचं, एजन्सीमार्फत पुण्यात सहा वर्षं. कामाची भीती नाही. कुणाला सापडत नसलेली शीर मला सापडते. पण जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन कुणाशेजारी बसायचं, हे कळत नसे. एका हॉस्पिटलात पहिले अकरा दिवस मी लिननच्या खोलीत, चादरींच्या गठ्ठ्यावर बसून जेवले. बाराव्या दिवशी वॉर्डातल्या मावशी चादर घ्यायला आल्या. "सिस्टर, इथं अंधारात कशाला? चला," म्हणाल्या आणि माझा डबा उचलून पुढं चालू लागल्या. तेव्हापासून नव्या वॉर्डात गेले की आधी मावशींचं नाव विचारते. इनचार्जशी ओळख आपोआप होते.

*

मी ब्रदर आहे. चेंजिंग रूम सिस्टरांची, गप्पाही त्यांच्या. मी जिन्यात उभा. ऑफच्या दिवशी खोलीत पडून राहिलो की डोकं जड होतं, म्हणून पहाटे स्वारगेटहून सिंहगडची बस धरतो. दर आठवड्याला चढणारे ओळखीचे झालेत. नावं माहीत नाहीत, पण मी एक रविवार चुकवला की विचारतात.

*

मी कोथरूडची. अमेरिकेत, टेक्सासमध्ये, ट्रॅव्हल नर्स होते. तिथं कंत्राट बहुतेक तेरा आठवड्यांचं. वॉर्डाची ओळख एक-दोन दिवसांत उरकतात आणि माणसं कमी पडली की दुसऱ्या विभागात आधी आपल्यालाच पाठवतात. आठवड्यात बारा तासांच्या तीन ड्युट्या, बाकी चार दिवस मोकळे. ऐकायला छान वाटतं. मला ते चार दिवसच खायला उठायचे. नाइट संपवून सकाळी खोलीवर यायचे, तेव्हा पुण्यात तिन्हीसांज. आई व्हिडिओ कॉल लावून फोन साखरेच्या डब्याला टेकवायची आणि मेथी निवडत बसायची. बोलायला रोज नवं काय असणार? देठं मोडल्याचा आवाज ऐकता ऐकता मी झोपून जायचे. गप्पा मारायलाच हव्यात, हा आग्रह आम्ही दोघींनी सोडला, तेव्हा ते फोन खरे उपयोगाचे झाले.

*

माझा बुजरेपणा गेलेला नाही आणि तो जायलाच हवा असं मला आता वाटत नाही. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून पेशंटची माहिती घेताना, विचारायचे प्रश्न आधी वहीत लिहून ठेवते. तोंडातून पहिलं वाक्य निघालं की पुढचं जमतं.

*

पीजीत तापानं तीन दिवस पडून होते, शेजारच्या खोलीला पत्ता नव्हता. ताप उतरला, मन उठेना. रोज इतरांची बीपी लिहिणारी मी, स्वतःबद्दल सांगायला लाजत होते. शेवटी १४४१६ ला फोन केला. टेलि-मानस, सरकारी सेवा. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी घाई केली नाही. हा नंबर फोनमध्ये आजच ठेवा, कळकळीनं सांगते.

*

गेल्या आषाढी वारीत पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या. माझी नाइट ऑफ होती. भवानी पेठेत, पालखी विठोबा मंदिराजवळ, एका मंडपात वारकऱ्यांच्या पायांची मलमपट्टी चालली होती. नुसती बघत उभी होते. कुणीतरी विचारलं, "सिस्टर आहात का?" मान हलवली आणि हातात ग्लोव्हज आले. एका आजींच्या टाचेचा फोड साफ करत होते, तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कुठली गं लेकी तू?"

पुण्यात येऊन तीन महिने झाले होते आणि हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी गाव सांगितलं, मग आमची नदी, मग शाळा. दोन्ही पायांना पट्टी बांधून होईपर्यंत मी बोलतच होते.