पेपर सुटल्यावर गेटबाहेर उत्तरं जुळवू द्यावीत का?

रामबागची मावशी
भाचीला आणायला परीक्षा केंद्रावर गेले होते. सीबीएसई बारावीचा फिजिक्स. सत्तर गुण, तीन तास, आणि पेपर अवघड गेला हे पोरांच्या चालण्यावरूनच कळत होतं. तरी भाची बाहेर आली तेव्हा बरी होती. मग घोळका जमला. तार ताणून लांबी दुप्पट केली तर रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, किती पट, असा एक गुणाचा प्रश्न होता. हिनं दुप्पट लिहिलेलं, बाकी सगळे चौपट म्हणाले. राजवाड्यापासून घरापर्यंत ती स्कूटरवर मागे बसून रडत होती. रात्री जेवली नाही. केमिस्ट्रीला मोजके दिवस, त्यातला दीड दिवस त्या तारेनं खाल्ला.

माझं स्पष्ट मत आहे, शेवटचा पेपर होईपर्यंत प्रश्नपत्रिका कपाटात ठेवावी. उत्तरपत्रिका हातातून गेली की तिच्यावर आपला काही इलाज नाही.

बारावीचा एक
मावशी, असाच एक घोळका आमचाही होता, म्हणून लिहितो आहे. मीसुद्धा दुप्पटच लिहिलं होतं. मित्रानं तिथेच बॅगेवर कागद ठेवून दाखवलं: तार ताणली तरी धातू तेवढाच राहतो, म्हणजे लांबी दुप्पट झाली की जाडीचं क्षेत्रफळ निम्मं होतं. लांबीमुळे दोन पट, क्षेत्रफळामुळे आणखी दोन पट. हे मी वर्गात तीनदा ऐकलं असेल, पण डोक्यात शिरलं त्या गेटवर. मला एप्रिलमध्ये इंजिनिअरिंगची जेईई द्यायची आहे, तिथेही हीच तार येऊ शकते. पेपर संपला, विषय कुठे संपला?

आणि तीन तास एकट्यानं झुंजून बाहेर आल्यावर कुणाशी न बोलता घरी जायचं, हे आम्हाला जमत नाही.

निवृत्त मास्तर, सुदामानगर
मी बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासले आहेत. बाळा, तुझा मित्र समजावून सांगणारा निघाला, हे तुझं भाग्य. बहुतेक घोळक्यांत समजावणं नसतंच, फक्त आकडे फेकले जातात. "सातव्याचं काय आलं?" पण एकाच पेपरचे वेगवेगळे सेट असतात, तुझ्या सेटमधला सातवा तिच्या सेटमध्ये बारावा असतो. दोघांची उत्तरं वेगळी, दोघंही बरोबर, आणि एक जण उगीच खचतो. घोळक्यात ज्याचा आवाज मोठा, त्याचं उत्तर खरं धरलं जातं, हे मी दर वर्षी पाहिलं.

दुसरं, गेटवर फक्त शेवटचा आकडा जुळवतात. तपासणारा तसं करत नाही. लेन्सच्या तीन गुणांच्या गणितात सूत्र लिहिलं, किमती घातल्या आणि वस्तूच्या अंतराचं ऋण चिन्ह विसरलं, तर उत्तर पार बदलतं. पण गुण पायरीपायरीनं मिळतात, सूत्राचे कुठे जात नाहीत. मूल मात्र गेटवरच तीनही वजा करून मोकळं होतं. बहिणीशी मी सहमत आहे.

भंवरकुआंचा नीटवाला
सर, आदर ठेवून विरोध करतो. मेडिकल प्रवेशाची नीट २०२४ आठवा. फिजिक्समध्ये अणूंबद्दल दोन विधानांचा प्रश्न होता. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे एक उत्तर, नव्याप्रमाणे दुसरं. परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी पाहिलं आणि एकच पर्याय बरोबर ठरला. चार गुणांचा प्रश्न होता, त्यानं रँका हलल्या. पोरांनी उत्तरं शेजारी शेजारी ठेवली नसती तर प्रश्नातच घोळ आहे हे कुणाच्या लक्षात आलं असतं? एकट्याला वाटतं आपणच चुकलो.

रामबागची मावशी
अरे, पण नीट एका दुपारी संपते. त्यानंतर केमिस्ट्रीचा पेपर नसतो तुझा. महिनाभर जुळवत बस, मी नाही म्हणणार नाही. मी बोलते आहे ते पाच पेपरांतला एक झाल्यावरचं. मास्तर, सेटचं तुम्ही सांगितलंत ते भाचीला वाचून दाखवलं. तिचा सेट मैत्रिणीपेक्षा वेगळाच होता. तारेचा प्रश्न तोच निघाला, पण आणखी दोन उत्तरं चुकली म्हणून धरून बसली होती ती उगीच.

दोन मुलांची आई
सगळे पोरांबद्दल बोलताय. गेटवर सर्वात आधी "किती येतील?" कोण विचारतं? आपणच. माझ्या थोरल्याच्या वेळी मी प्रश्नपत्रिका हातातून ओढून घेतली होती आणि रिक्षात एकेक प्रश्न विचारत घरी आणलं होतं. तो मित्रांत हसत उभा होता, रिक्षात गप्प झाला. यंदा धाकटीला घ्यायला गेले तेव्हा पाण्याची बाटली दिली आणि पोहे खायचे का एवढंच विचारलं. उत्तरं तिनं मैत्रिणींशी जुळवली, मी लांब उभी राहिले. ते त्यांचं त्यांना करू द्यावं असं मला वाटतं, मावशी.

बारावीचा एक
मास्तर, लेन्सच्या गणितात मी चिन्हच विसरलो होतो. तीनही गेले समजून कालपासून केमिस्ट्री उघडलं नव्हतं. आता बसतो. पण पुढच्या पेपरनंतर गेटवर थांबणार, एवढं आधीच सांगून ठेवतो. सेट नंबर विचारून मगच बोलेन.