पुसद विधानसभेचे 1952 पासूनचे निकाल कुठं मिळतील? वाचनालयात तक्ता लावायचाय

माळपठारकर

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात दाराजवळची भिंत रिकामी आहे, तिथं आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद मतदारसंघाचा पूर्ण तक्ता रंगवून घ्यायचा असं आम्ही तिघाचौघांनी ठरवलंय. पोरं तिथं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, राज्याचे सगळे मुख्यमंत्री क्रमानं तोंडपाठ आहेत, पण आपल्या मतदारसंघात 67 ला समोर कोण उभं होतं विचारलं की सगळे गप्प. वसंतराव नाईक निवडून आले एवढंच माहीत. मला ते मनाला लागलं खरं सांगतो.

तर वर्ष, निवडून आलेले, पक्ष, दुसऱ्या नंबरवर कोण आणि मतं असे रकाने करतोय. निवडणूक आयोगाचे जुने अहवाल नेटवर आहेत त्यातून महाराष्ट्राचे काढले तर 1962 पासून सापडत गेलं, पण 1952 आणि 1957 चं पुसद कुठंच दिसेना. एका कार्यालयात दोन चकरा मारल्या, तिथं म्हणे एवढं जुनं रेकॉर्ड आमच्याकडं नसतं. आमचे आबा सांगायचे की वसंतराव नाईक साहेब पहिल्याच निवडणुकीत पुसदमधून गेले, म्हणजे निवडणूक झाली हे नक्की. मग निकाल गेला कुठं? कोणाला माहीत असेल तर सांगा.

जुनी_कात्रणं

दादा तुम्ही महाराष्ट्रात शोधताय म्हणून सापडत नाहीये. 1952 ला महाराष्ट्र होताच कुठं, आपलं वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. त्यामुळं पुसदचा 52 चा निकाल मध्य प्रदेश विधानसभेच्या अहवालात बघा. मग 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, म्हणून 57 चा निकाल मुंबईच्या अहवालात मिळेल, गुजरातचे मतदारसंघ पण त्याच यादीत आहेत त्यामुळं यादी मोठी आहे, दमानं पानं उलटा. नावं इंग्रजी अक्षरात आहेत, स्पेलिंग आपण लिहितो तसंच असेल असं धरू नका. महाराष्ट्र म्हणून पहिली विधानसभा निवडणूक 1962 ची.

म्हणजे गाव जागचं हललं नाही आणि पहिल्या तीन निवडणुका तीन वेगळ्या राज्यांच्या विधानसभांसाठी झाल्या. तिन्ही वेळा वसंतरावच निवडून आले. शुक्लांच्या मंत्रिमंडळात ते महसूल खात्याचे उपमंत्री होते, पुढं मुंबई राज्यात मंत्री, मग महाराष्ट्रात मंत्री आणि कन्नमवार साहेब पदावर असतानाच वारल्यावर 5 डिसेंबर 1963 ला मुख्यमंत्री, ते थेट फेब्रुवारी 1975 पर्यंत. 52, 57, 62, 67, 72 अशा पाच वेळा याच एका जागेवरून गेलेला माणूस. माझी विनंती, तक्त्यात 'राज्य' असा एक रकाना वाढवाच. पोरं विचारतील मध्य प्रदेश कसं काय, तिथूनच खरं शिकणं सुरू होतं.

आणि 57 चं पान निघालं की आजूबाजूचं पण बघा. त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसला जमिनीवर आणलं होतं, विदर्भात मात्र काँग्रेस टिकली. एकट्या पुसदचा आकडा बघून हे कळत नाही.

तुरीचं_वावर

राजेहो तुमी आकडे काढा, मी आजीनं सांगतलेलं सांगतो. मायी आजी 52 ले पहिल्यांदा मत द्याले गेल्ती. तवा शिक्का बिक्का नव्हता. हरेक उमेदवाराची येगळी पेटी अन् तिच्यावर त्याचं चिन्ह चिटकोलेलं. कागद एक रुपयाच्या नोटेएवढा, तो घ्याचा, पडद्यामांगं जाचं अन् जो पायजे त्याच्या पेटीत टाकाचा. आजी सांगे का पेट्या लायनीनं होत्या, अंधारच होता, तिनं चित्रावरून हात फिरवून पायला अन् बैलजोडी दिसली तं तिले वाटलं हे तं आपलीच जोडी होय, घरी बांधेल हाये तेच. मंग कागदाची चार घडी केली अन् टाकला. बाहेर आल्यावर दोन घडी तिचा हात थरथरे म्हणे, काहून का तिच्या नावाची चिठ्ठी कोनं तिच्या हातात दिली असं पहिल्यांदाच झालं होतं.

अन् एक गोष्ट लय मोठी हाये. त्या टायमाले देशभरातल्या लाखो बायांनी यादीत आपलं नावच सांगतलं नव्हतं, 'अमक्याची बायको', 'अमक्याची माय' असंच लिवलं होतं, अन् नाव नाही म्हणून त्याईले यादीतून काढून टाकलं. मायी आजी शिकेल नव्हती पन यादीवाला आला तवा तिनं सासऱ्यासमोर आपलं नाव मोठ्यानं सांगतलं. सासरा दोन दिवस बोल्ला नाही. तुमच्या तक्त्यात हे बसत नसन पन भाऊ कुठं तरी लिवा, नुसत्या आमदारायनं इतिहास नाही होत.

पैनगंगा_काठ

वरच्या पोस्टी वाचून बरं वाटलं. मी उमरखेडकडची, माझा मुद्दा सीमेचा आहे आणि तो लोक नेहमी विसरतात. 'पुसद' हे नाव 1952 पासून तेच असलं तरी त्यात कोणती गावं आहेत हे मतदारसंघांच्या दर फेररचनेला बदलत आलंय, त्यामुळं 52 ची मतं आणि 2019 ची मतं एका रांगेत ठेवून वाढली घटली म्हणणं बरोबर नाही. आत्ताची रचना 2008 च्या आदेशाची, 2009 ची निवडणूक तीवर झाली. पुसदचा क्रमांक 81, आमचं उमरखेड 82 आणि ते अनुसूचित जातींसाठी राखीव. जुना दारव्हा मतदारसंघ त्याच वेळी नकाशावरून गेला, केळापूर गेला आणि आर्णी आला.

सगळ्यात जास्त गोंधळ लोकसभेचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात विधानसभेच्या सात जागा आणि त्या तीन लोकसभांत वाटलेल्या, पुसद, दिग्रस, यवतमाळ, राळेगाव हे यवतमाळ-वाशिममध्ये, वणी आणि आर्णी चंद्रपूरमध्ये आणि आम्ही हिंगोलीत, म्हणजे मराठवाड्यात. जिल्हाधिकारी यवतमाळचे, खासदार हिंगोलीचे. धरणाच्या पाण्याचं असो की रस्त्याचं असो, कोणाकडं जायचं हे माझ्या वडिलांना आजही विचारावं लागतं, याचा मला मनापासून राग आहे. 2008 चा आदेश मिळवा, त्यात तालुका आणि महसूल मंडळानुसार लिहिलंय, त्यावरून गावांची यादी तक्त्याखाली द्या. पोरांना आपलं गाव नकाशावर सापडलं पाहिजे.

जुनी_कात्रणं

ताई मुद्दा अगदी बरोबर, लोकसभेवरून आठवलं, 1977 ला वसंतराव वाशिममधून लोकसभेवर गेले. देशात काँग्रेस उन्मळून पडली होती पण विदर्भानं धरून ठेवली. त्यानंतर 1980 आणि 84 ला त्याच वाशिममधून गुलाम नबी आझाद निवडून आले, काश्मीरचा माणूस. 2009 पासून तो वाशिम मतदारसंघच नाही.

पुसदमध्ये 1978 पासून सुधाकरराव नाईक, वसंतरावांचे पुतणे. गहुली गावचे सरपंच, यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, आमदार आणि 25 जून 1991 ला मुख्यमंत्री. एका ग्रामीण मतदारसंघानं राज्याला दोन मुख्यमंत्री दिले. त्यांच्यानंतर त्यांचे भाऊ मनोहरराव, 2019 पासून मनोहररावांचे चिरंजीव इंद्रनील. सुधाकरराव मे 2001 मध्ये गेले, त्या काळातलं बघताना लक्षात ठेवा की पोटनिवडणुकीचा निकाल सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात नसतो, तो वेगळा शोधावा लागतो. तक्त्यात चुका होतात त्या इथंच.

दिग्रस_नाका

मला एक खटकतं ते बोलतो. पुसद म्हटलं की बाहेरचे लोक 'एकाच घराण्याची जागा' म्हणून विषय संपवतात, जणू इथला माणूस डोळे मिटून बटन दाबतो. 2019 चा निकाल उघडून बघा. राष्ट्रवादीकडून इंद्रनील नाईक आणि भाजपकडून त्यांचेच चुलतभाऊ निलय नाईक, आणि फरक दहा हजारांच्या आत. आमच्या घरी एका बाजीवर बसून जेवणारे दोन काका दोन बाजूला होते, दिवाळीत फराळाला एकमेकांकडं गेले नाहीत. 2024 ला तेच इंद्रनील नव्वद हजारांच्या वर मतांनी आले, समोर शरद पवार साहेबांच्या पक्षाचे शरद मैंद होते. पाच वर्षांत त्याच मतदारांनी एवढं अंतर पाडलं, ते का याचा विचार व्हायला पाहिजे. लाट, पक्षफूट, पाणी, कापसाचा भाव, तांड्यांवरचं काम, प्रत्येक बूथचं उत्तर वेगळं निघेल. फॉर्म 20 म्हणून असतो त्यात बूथवार मतं मिळतात, आपल्या गावच्या बूथचा तेवढा कागद काढून वाचनालयात फाईल करा. तक्त्यापेक्षा तो जास्त वाचला जाईल.

चिन्हाचा रकाना पण ठेवा. बैलजोडी, गायवासरू, पंजा, घड्याळ. म्हातारी माणसं पक्षाचं नाव विसरतात, चिन्ह विसरत नाहीत.

माळपठारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मध्य प्रदेशचा अहवाल उघडला आणि पुसद सापडलं!! आबांना जाऊन चार वर्षं झाली, ते असते तर लगेच खाटेपाशी बसून वाचून दाखवलं असतं. मुंबईचा अहवाल अजून चाळतोय. राज्य आणि चिन्ह दोन्ही रकाने वाढवले, ताईंनी सांगितलेली गावांची यादी खाली येईल, फॉर्म 20 ची फाईल वाचनालयाच्या टेबलावर.

तुरीचं वावर भाऊ, तुमच्या आजीची गोष्ट तक्त्याच्या शेजारी वेगळ्या चौकटीत लिहायची आमची इच्छा आहे, तुमच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता. घरच्यांची हरकत नसेल तर आजींचं पूर्ण नाव मला मेसेजमध्ये कळवा, चौकटीवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात टाकू. पेंटर पोळ्यानंतर येतोय, त्याच्या आधी कळवलं तर बरं होईल.